वाहत्या पाण्याची माशी: आफ्रिकेत कारखान्यावर जाणाऱ्या मुलांसाठी

मागच्या रविवारी इंदापूरकडचा एक मुलगा आई-वडिलांना घेऊन मांजरीला आमच्या घरी आला. तीन हंगाम बॉयलरवर काढलेला, आता इथिओपियातल्या एका साखर कारखान्याची ऑर्डर हातात, गुरुवारी मुंबईहून विमान. यलो फीवरची लस घेतलेली, पिवळं कार्ड पासपोर्टाला लावलेलं, बॅगेत मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या आणि डासांच्या मलमाच्या चार ट्यूबा. आई पाणी घ्यायच्या आधीच म्हणाली, "साहेब, तिथं नदीच्या पाण्यानं डोळे जातात म्हणे. उकळून प्यायलं म्हणजे झालं ना?"

पाण्याने डोळे जात नाहीत. पाण्यात वाढणाऱ्या माशीने जातात, आणि ती माशी आपल्या ओळखीच्या एकाही डासासारखी वागत नाही. त्या मुलाला दोन तास बसवून जे सांगितलं ते इथे लिहितो आहे, कारण आपल्याकडची मुलं आता इथिओपिया, युगांडा, नायजेरिया, काँगो अशी सगळीकडे कारखान्यांवर आणि बोअरवेलच्या कामांवर जातात आणि निघताना त्यांना हे कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, कारखान्यातला केमिस्ट आहे. पण २०१३ ते २०१७ ही चार वर्षं पश्चिम इथिओपियात एका नदीच्या खोऱ्यात राहिलो, तिथल्या आरोग्यसेविकांबरोबर गावात फिरलो, आणि परत आल्यावर आमच्याच एका फिटरचे पुण्यात झालेले हाल पाहिले.

आधी डास बाजूला ठेवा

पुण्याच्या माणसाला डासाबद्दल काही शिकवावं लागत नाही. टायर, कुंड्या, कूलर रिकामे करायचे, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, हौदात गप्पी मासे सोडायचे, दिवेलागणीला खिडक्या लावायच्या. हे सगळं साचलेल्या पाण्याचं आणि रात्रीचं शहाणपण आहे. मलेरियासाठी ते तिथेही पाळाच, मच्छरदाणी सोडू नका. पण रिव्हर ब्लाइंडनेस, म्हणजे माशीने अंगात सोडलेल्या जंतामुळे डोळे जाणं, डॉक्टरी भाषेत ऑन्कोसर्कायसिस, हा वाहत्या पाण्याचा आणि दिवसाउजेडीचा रोग आहे. तिथे मच्छरदाणीचा काही उपयोग नाही.

माशीचं नाव सिम्युलियम. तिला नुसतं काळी माशी म्हणतात. तिळाएवढी, फार तर बाजरीच्या दाण्याएवढी; पाठीला कुबड, पंख रुंद आणि स्वच्छ. कानाशी गुणगुण करत नाही, त्यामुळे आली कधी ते कळत नाही. घरात शिरत नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत बाहेर चावते, जास्त करून सकाळी आणि दुपार कलल्यावर. आफ्रिकेतल्या जाती बहुतेक गुडघ्याखाली बसतात. डासासारखी सोंड खुपसत नाही. कातडी कुरतडते, तिथे रक्ताचं बारीकसं तळं साठतं, आणि ते ती चाटून घेते. म्हणून ती उडून गेल्यावर नडगीवर टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा ठिपका राहतो. संध्याकाळी पाय धुताना असे ठिपके दिसले की समजायचं, आज आपण तिच्या हद्दीत होतो. मी ते रोज मोजून लॅबच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचो. पहिल्या महिन्यात एका दिवशी सतरा होते.

सतरा ठिपके पाहून मला त्या रात्री झोप लागली नव्हती, म्हणून हेही सांगतो: एका चाव्याने सहसा काही होत नाही. ज्या माशीने आधी रोगी माणसाचं रक्त घेतलंय आणि आठवडाभर तरी जगली आहे, तिच्याच अंगात जंत पुढच्या माणसात जाण्याइतका वाढलेला असतो. रोग जडायला असे पुष्कळ चावे लागतात, म्हणून महिना-दोन महिने जाऊन येणाऱ्यांना धोका कमी. वर्षानुवर्षं नदीकाठी राहणाऱ्यांना खरा धोका. म्हणजे तिथल्या गावकऱ्यांना, आणि दोन-तीन वर्षांच्या करारावर गेलेल्या आपल्या मुलांना.

जंत अंगात उतरला की वाढायला वर्षभर घेतो. मादी जंत हातभर लांब, दोऱ्यासारखी, कातडीखालच्या गाठीत गुंडाळी करून बसते. ती दहा-पंधरा वर्षं जगते आणि रोज हजारभर पिल्लं सोडते. डोळ्यांना न दिसणारी ही पिल्लं कातडीतून फिरतात, डोळ्यांतही जातात. ती मरतात तेव्हा त्यांच्या पोटातले वोल्बाकिया नावाचे जिवाणू बाहेर पडतात, आणि शरीर त्या सगळ्यावर तुटून पडतं. कातडीत झालं तर जीवघेणी खाज, डोळ्यांत झालं तर बुबुळ हळूहळू पांढरं होत जातं.

आमच्या खोऱ्यात आंधळ्यांपेक्षा खाजेने पिडलेली माणसं जास्त होती. जॅकवेलवर, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवर, एक वॉचमन होता, पन्नाशीचा. पाण्याकडे पाठ करून बसायचा आणि हातात मक्याचं दाणे काढलेलं सुकं बुरकुंड असायचं. त्याने तो नडगी घासायचा. आधी मला वाटलं सवय आहे. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं की दोन्ही नडग्यांची कातडी जागोजागी पांढरी पडलीय, मध्ये मध्ये काळे ठिपके, चित्त्याच्या कातड्यासारखी. बरगडीवर लिंबाएवढी गाठ. मी खुणेने विचारलं, दुखते का? तो नाही म्हणाला, आणि पाय घासत राहिला. खाजेमुळे त्याला रात्रीची झोप नव्हती, म्हणून दिवसा डुलक्या यायच्या, आणि दिवसा डुलक्या येतात म्हणून आमच्या ऑफिसात त्याच्याविरुद्ध तक्रार गेलेली. ती तक्रार मागे घ्यायला लावली, एवढंच त्या वेळी माझ्या हातून झालं.

गेल्या गेल्या पाणी कुठे फेसाळतं ते बघा

या माशीच्या अळीला श्वासाला भरपूर ऑक्सिजन मिसळलेलं पाणी लागतं, म्हणून ती खळाळत्या प्रवाहात वाढते. नदीतले खडक, उतार, धबधबे या तिच्या जागा. आणि माणसाने बांधलेले सांडवे. ही गोष्ट कारखान्याच्या माणसाने विशेष लक्षात ठेवायची. आपण पाण्यासाठी नदीवर बंधारा घालतो, सांडव्यावरून बारा महिने पाणी कोसळत राहतं, आणि नदी उन्हाळ्यात आटली तरी माशीची एक जागा आपण कायमची तयार करून देतो. घोड किंवा नीरेवरचा कोल्हापुरी बंधारा डोळ्यांसमोर आणा, बर्ग्यांच्या फटींतून पाणी सुटतं ना, तशी जागा.

तर पहिल्या आठवड्यात हे करा. कॉलनी, मेस, जॅकवेल, पंप हाऊस यांच्यापासून नदी किती लांब आहे आणि पांढरं पाणी कुठे आहे ते विचारून घ्या. माशी नदीपासून दहा-पंधरा किलोमीटर सहज उडते, त्यामुळे लांब आहोत म्हणून निर्धास्त होऊ नका. पण चावे सर्वांत जास्त पाण्याच्या जवळच बसतात. कोणाची ड्युटी रोज जॅकवेलवर आहे ते बघा. आमच्याकडे पंप ऑपरेटर आणि पाइपलाइनचे वेल्डर यांना सगळ्यात जास्त त्रास. लॅब आणि पॅन फ्लोअरवरच्यांना (जिथे साखर शिजते) कमी. फेरीची कामं शक्य तिथे भर दुपारी लावा. आणि सुट्टीच्या दिवशी आंघोळीला, मासे पकडायला नदीवर जाऊन बसायची आपल्या मुलांना हौस असते, ती सकाळ-संध्याकाळी पूर्ण बंद. (संथ पाण्यातही उतरू नका, तिथे बिलहार्झिया नावाचा वेगळाच जंत असतो. तो पाण्यातूनच कातडीत शिरतो.)

त्या आईला पाण्याची भीती का वाटली ते मला ठाऊक आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी नारू पाहिलेला आहे. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की वर्षाने पायातून जंत निघायचा, आणि फडक्याने गाळून प्यायलं की तो टळायचा. नारू भारतातून गेला, २००० साली तसं जाहीर झालं. इथे गाळणं-उकळणं जुलाबासाठी करा. या जंताचा पिण्याच्या पाण्याशी संबंध नाही. त्याचा संबंध पिंडरीशी आहे.

कपडे: एवढं तरी कराच

या रोगाची लस नाही. मलेरियासारखी आधीपासून खायची गोळीही नाही. चावा टाळणं एवढाच उपाय.

कारखान्यात मिळणारा बॉयलर सूट बहुधा गडद निळा असतो. काळ्या माशीला गडद रंग ओढून घेतो. स्टोअरमध्ये सांगून खाकी किंवा फिका राखाडी मागा. नाही मिळाला तर इथूनच रविवार पेठेतून फिक्या रंगाच्या जाड कापडाच्या तीन पँटी शिवून न्या. कापड जाड हवं, अंगाला घट्ट बसणारं नको, ताणलेल्या पातळ कापडातून तिला चावायला जागा मिळू शकते. लांब पांढरे मोजे घ्या, फुटबॉलवाले घालतात तसे, किमान आठ जोड. पँटीचे पाय मोज्यांत खोचायचे. दिसायला कसं दिसेल हा विचार करू नका; आमच्या वेल्डरांनी दुसऱ्या महिन्यापासून आपणहून खोचायला सुरुवात केली.

मलम घेताना ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. डीईईटी असा घटक आणि तो वीस टक्क्यांच्या वर हवा. आपल्याकडच्या पुष्कळ क्रीममध्ये वेगळा घटक असतो. घोटा, पिंडरी, मनगट, मान इथे लावा. घाम आला की ते उतरतं, म्हणून जॅकवेलवर जाणाऱ्याने खिशात ट्यूब ठेवायची आणि दर तीन-चार तासांनी पुन्हा लावायची. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मिळाला तर कपड्यांवर मारून वाळवा. तो कपड्यांसाठी असतो, कातडीला लावायचा नाही.

अळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

हा भाग नोकरीसाठी लागत नाही, पण ज्याला रस असेल त्याने जरूर करावा. मी ते केलं आणि त्यानंतरच मला हा रोग समजला.

आमच्या सांडव्याच्या कडेला गवताच्या लांब पात्या प्रवाहात लोंबत असायच्या. तिथल्या आरोग्य खात्याचा एक कर्मचारी आला होता, त्याने एक पात मुळाशी कापून वर काढली. लांबून पाहिलं तर पातीला चिखल लागलाय असं वाटलं. लॅबमधल्या पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन ती त्यात ठेवली आणि चिखल हलायला लागला. त्या एका वीतभर पातीवर शंभराच्या आसपास अळ्या होत्या. प्रत्येक अळी तांदळाच्या दाण्याएवढी, मागच्या टोकाला फुगलेली, इवल्या दुधी भोपळ्यासारखी. मागचं टोक पातीला घट्ट चिकटवून ती प्रवाहात आडवी पडून राहते. साखरेचे दाणे तपासायच्या मायक्रोस्कोपखाली एक ठेवली. तोंडाजवळ बारीक केसांचे दोन पंखे होते. अळी ते उघडत होती, मिटत होती. वाहत्या पाण्यातून आलेलं खाणं गाळून घ्यायचं तिचं हे साधन. ट्रेमधलं पाणी थांबलेलं, त्यामुळे थोड्या वेळाने तिची हालचाल मंदावली. थोड्याच वेळात सगळ्या निपचित पडल्या. साचलेल्या पाण्यात त्या जगत नाहीत हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. पातीच्या दुसऱ्या बाजूला चपलेच्या आकाराचे तपकिरी कोश होते, त्यांतून पांढरे दोरे बाहेर आलेले. माशी त्यातून निघते. अंड्यापासून माशीपर्यंत गरम हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

मग करायचं काय, तर त्या पात्या, फांद्या, वेली कापून काठावर काढायच्या. अळीला चिकटायला जागाच ठेवायची नाही. उत्तर युगांडात आणि दक्षिण सुदानमध्ये गावकऱ्यांनी कोयते घेऊन हे केलंय, आणि चावे खूप कमी झालेत. दक्षिण सुदानच्या मारिदी गावात तर जागा आमच्यासारखीच होती, धरणाचा सांडवा. आम्ही ऑफ सीझनमध्ये मेंटेनन्सच्या गँगला दोन दिवस या कामाला लावलं, गावातली वीस-पंचवीस माणसं आली. झाडोरा पुन्हा वाढतो, म्हणून हे एकदा करून भागत नाही. वाढला की परत कापायचा. उतरण्याआधी गावच्या जाणत्या माणसाला विचारा की प्रवाह कुठे ओढतो आणि मगरी आहेत का. कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणालाही सांडव्यावर सोडू नका.

औषध मात्र स्वतःहून नदीत ओतू नका. पश्चिम आफ्रिकेत १९७४ ते २००२ या काळात हेलिकॉप्टरने नद्यांत दर आठवड्याला अळीनाशक टाकत होते. सुरुवातीला जे औषध वापरलं ते टेमिफॉस, म्हणजे आपल्याकडे आरोग्य कर्मचारी हौदात टाकतात तेच ॲबेट. पुढे माश्यांना त्याची सवय झाली आणि औषधं आलटून-पालटून द्यावी लागली. ११ देशांचं ते काम होतं, मोजून-मापून केलेलं, आणि त्यामुळे माशीच्या भीतीने ओस पडलेली अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वहिवाटीला आली. तुम्ही औषध ओताल त्याच नदीतून खालची गावं पाणी पितात. कारखान्याच्या स्टोअरमधला कॅन उचलून ते काम होत नाही.

गावात गोळ्या वाटायला येतात तेव्हा

तिथे सरकारी आरोग्यसेविका असतात, आपल्या आशाताईंची आठवण येईल अशा. वर्षातून दोनदा त्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या घेऊन यायच्या. वजनकाटा नसतो. एक उंच काठी असते, तिच्यावर रंगाचे पट्टे. माणूस काठीला पाठ लावून उभा राहतो, डोकं ज्या पट्ट्याला लागेल तेवढ्या गोळ्या. ९० सेंटिमीटरच्या खाली गोळी नाही, १५८ च्या वर चार. गरोदर बाईला नाही, बाळंत होऊन आठवडा झाला नसेल तिला नाही, अंथरुणाला खिळलेल्याला नाही. गोळी समोरच गिळायची, मग वहीत खूण. आमच्या वॉचमनच्या मुलीने काठीखाली टाचा उंचावल्या, तिला मोठ्यांएवढ्या गोळ्या हव्या होत्या. आरोग्यसेविकेने तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या आणि दोन गोळ्या दिल्या.

हे औषध जपानमधल्या मातीतल्या जिवाणूतून निघालं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. मर्क कंपनी १९८७ पासून या रोगासाठी ते फुकट देते. पण ते मोठा जंत मारत नाही, कातडीतली पिल्लं मारतं आणि मादीला काही महिने वांझ ठेवतं. मादी दहा-पंधरा वर्षं जगते, म्हणून गोळीही तितकी वर्षं घ्यावी लागते. गावातली माणसं मध्येच कंटाळतात, "खाज गेली, आता कशाला" म्हणतात. कारखान्याने त्या दिवशी मजुरांना दोन तासांची सुट्टी दिली तर वाटप नीट होतं. आपल्यापैकी कोणी सुपरवायझर असेल तर त्याने एवढं जरूर करावं. आमच्याकडे पहिल्या वर्षी ऊसतोड चालू होती आणि निम्मे मजूर फडातच राहिले. दुसऱ्या वर्षी आरोग्यसेविकेला ट्रॅक्टरवर बसवून फडात नेलं.

आपण स्वतः गोळी घ्यायची का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. २०२१ मध्ये कोविडच्या भीतीने आपल्याकडे घरोघरी हीच गोळी होती, त्यामुळे मुलांना तिचं काही वाटत नाही, बॅगेत पाकीट टाकून नेतात. कॅमेरून, गॅबॉन, काँगो या बाजूला जाणाऱ्यांनी हे मुळीच करू नये. तिथे लोआ लोआ नावाचा दुसरा जंत असतो. तो रक्तात फार झालेला असताना ही गोळी घेतली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, मेंदूला इजा होऊ शकते. त्याच्यासाठी रक्त तपासतात ते भर दुपारी, कारण तो दिवसाच रक्तात उतरतो. इथिओपियाच्या आमच्या भागात ती भीती नव्हती.

परत आल्यावर, पुण्यात

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रोग कळतो तो इथे. चावा बसल्यापासून खाज सुरू व्हायला एक ते तीन वर्षं जातात. तोवर करार संपलेला असतो, लग्न झालेलं असतं, मुलगा दुसऱ्या कारखान्यात लागलेला असतो. आफ्रिकेचा आणि खाजेचा संबंध कोणाच्याच मनात येत नाही.

आमचा फिटर असाच. २०१७ ला माझ्याबरोबर परतला, वर्षभराने कंबरेला आणि मांड्यांना खाज सुरू झाली. पहिल्या डॉक्टरांनी खरजेचं मलम दिलं, घरातल्या सगळ्यांनी लावलं, चादरी उकळल्या. दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हणून वांगी, दाणे, मासे बंद केले. असं दीड वर्ष. तिसऱ्यांनी रक्त तपासलं, इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, फार वाढलेल्या दिसल्या. फायलेरियाची, म्हणजे हत्तीरोगाची, शंका आली म्हणून रात्रीचं रक्त घेतलं, त्यात काही निघालं नाही. तरी शंका नको म्हणून डीईसी या गोळीचा कोर्स लिहून दिला. आपल्याकडे हे स्वाभाविक आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीरोगाच्या ज्या गोळ्या वाटतात त्यात हीच असते. त्याने मेडिकलच्या दुकानातून मला फोन केला, घेऊ का म्हणून.

मी त्याला म्हणालो, "गोळी तोंडात घालू नको. चिठ्ठी घेऊन परत जा, आणि आपण चार वर्षं कुठे होतो ते आधी सांग." ऑन्कोसर्काच्या रोग्याला डीईसी दिली तर कातडीतली आणि डोळ्यांतली पिल्लं एकदम मरतात, अंगभर आग, सूज, ताप येतो, आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हत्तीरोगात जे औषध तारतं ते इथे घात करतं. रात्रीच्या रक्तात काही निघालं नव्हतं त्यालाही कारण होतं: ही पिल्लं कातडीत राहतात, रक्तात नाही.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे स्किन स्निप केली. कंबरेच्या हाडावरची कातडी सुईच्या टोकाने उचलून तिचा मसुराच्या सालाएवढा तुकडा दोन्ही बाजूंनी काढतात, रक्तसुद्धा फारसं येत नाही. तो सलाइनच्या थेंबांत ठेवून काही वेळाने मायक्रोस्कोपखाली पाहतात. त्याच्या तुकड्यातून पिल्लं वळवळत बाहेर आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर डोळे तपासले, नशिबाने स्वच्छ होते. मग आयव्हरमेक्टिन दिलं. पहिले तीन दिवस खाज वाढली, अंग सुजलं, तो घाबरला; हे होतं, याची कल्पना डॉक्टरांनी आधी दिली होती. चौथ्या दिवशी रात्रभर झोपला. पुढे डॉक्सिसायक्लिनचा सहा आठवड्यांचा कोर्स झाला. तो जंताच्या पोटातल्या जिवाणूंना मारतो आणि त्यांच्यावाचून मादी जंत हळूहळू संपते. आता तो ठीक आहे, कामावर आहे. त्याच्या बायकोला भीती होती की मुलांना लागेल. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग लागत नाही, मध्ये ती माशीच लागते.

म्हणून परतल्यावर तीन वर्षं या गोष्टींवर लक्ष ठेवा: कंबर, मांड्या, पाठ इथली न थांबणारी खाज, कातडीखाली न दुखणारी, सरकणारी गाठ, विशेषतः कंबरेच्या हाडावर, बरगडीवर, गुडघ्याजवळ, डोळे लाल होणं, उजेड न सोसणं, नजर अंधूक होणं. कोणत्याही कारणाने डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हे: "मी आफ्रिकेत नदीकाठी इतकी वर्षं राहून आलोय." डॉक्टर विचारायची वाट पाहू नका, त्यांच्यासमोर असा रोगी कदाचित कधीच आलेला नसतो.

मी प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी लिहून देतो. त्याने ती लॅमिनेट करून घ्यायची, एक प्रत पासपोर्टात, एक घरी. तिच्यावर एवढंच:

"या माणसाचा ______ ते ______ या काळात ______ देशात नदीकाठी मुक्काम होता. तिथे ऑन्कोसर्कायसिस आहे. खाज, गाठ किंवा डोळ्यांची तक्रार असल्यास स्किन स्निप आणि स्लिट लॅम्प तपासणी करावी. तोपर्यंत डीईसी देऊ नये."

रविवारी निघताना त्या मुलाने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. आईने हात पुढे केला, दुसरी प्रत मागून घेतली, आणि पिशवीतल्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली. मग तिने मला विचारलं, मोजे सुती घ्यायचे की नायलॉनचे. सुती, म्हटलं, जाड विणीचे, गुडघ्यापर्यंत.